काट्यावर ८०, मोबाइलवर ७५: खरा वेग कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीचा काटा ८० वर असताना मोबाइलवर ७५-७६ दिसतात, कशेडीच्या बोगद्यात तर मोबाइल भलतंच काहीतरी दाखवतो, टायर नुकतेच बदललेत; मग मीटर बिघडलाय का?

मीटर बिघडलेला दिसत नाही. सरळ, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात चालत असाल तर मोबाइलचा आकडा खऱ्या वेगाच्या जास्त जवळ असतो. घाटात, बोगद्यात आणि ब्रेक मारताना मात्र काट्यावरच भरवसा ठेवा.

काटा थोडं जास्त दाखवतो ते कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम असा आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर फार तर खऱ्या वेगाचे १० टक्के अधिक ताशी ४ किमी. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ पर्यंत कुठेही चालेल, ७९ चालणार नाही. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांतही थोडा फरक असतो, टायर झिजतात, हवा कमी-जास्त होते. हे सगळं धरूनही काटा मागे पडू नये म्हणून कंपन्या तो आधीच काही किमी वर ठेवतात. तुमचा ४-५ चा फरक यात आरामात बसतो.

आता मोबाइलचं. बऱ्याच जणांना वाटतं की जीपीएस दोन ठिकाणांमधलं अंतर मोजून त्याला वेळेने भागतं. प्रत्यक्षात चिप वेग काढते ती मुख्यतः उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून. जीपीएसचा नेहमीचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, त्याची तरंगलांबी साधारण १९ सेंटिमीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. उपग्रहाच्या थेट दिशेने गेलात तर वारंवारता सुमारे ११७ हर्ट्झने बदलते, आणि तेवढा बदल चिपला सहज मोजता येतो. म्हणूनच नकाशावर तुमचा ठिपका पाच मीटर बाजूला दिसत असला तरी वेगाचा आकडा चांगला असू शकतो. मोकळ्या आकाशाखाली, स्थिर वेगात चूक ताशी १ किमीच्या आतच राहते.

अडचण येते ती वेग बदलताना. फोन बहुधा सेकंदाला एकदाच वेग घेतो, वर आकडा उड्या मारू नये म्हणून ॲप तो थोडा गुळगुळीत करतं. तुम्ही तीन सेकंदांत ६० वरून ३० वर आलात, तर काटा ३० वर पोचलेला असतो आणि मोबाइलवर अजून ४०-४५ दिसतात. परशुराम घाटात किंवा आंबोलीच्या वळणांवर दर थोड्या वेळाने हेच होतं. वर एका बाजूला डोंगर उभा असल्याने अर्धं आकाश झाकलेलं असतं, आणि कापलेल्या कड्यावरून परत आलेल्या लहरी गोंधळ वाढवतात. बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. तिथे ॲप शेवटचा वेग धरून ठेवतं, अंदाजाने पुढे सरकवतं, नाहीतर आकडाच घालवतं. बाहेर आल्यावरही पहिले काही सेकंद त्याच्याकडे बघू नका.

पावसाला मात्र उगाच दोष देऊ नका. या वारंवारतेला पावसाच्या धारांनी जवळपास काही फरक पडत नाही. रस्त्यावर वाकलेल्या ओल्या झाडीने थोडा पडतो. चढ-उताराचंही तसंच. ॲप फक्त आडवा वेग दाखवत असलं तरी दहास एक चढावर फरक अर्धा टक्काच, म्हणजे ४० ला ०.२ किमी.

नीट तुलना करायची तर सकाळी टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. मग मोकळा, सरळ, वर झाडी नसलेला पट्टा निवडा. सिंधुदुर्गात झाराप-पत्रादेवी चौपदरी रस्ता यासाठी चांगला. रत्नागिरीकडे असाल तर सड्यावरचा, म्हणजे मोकळ्या कातळी पठारावरचा, सरळ रस्ता शोधा. फोन डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: फोन अँड्रॉइड ऑटोला, म्हणजे फोनचं ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीला, जोडू नका. काही गाड्यांत तेव्हा फोन गाडीच्याच सेन्सरची माहिती वापरतो, मग तुलनेला अर्थ उरत नाही. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा राखणारी सोय) असेल तर लावा, नसेल तर पाय स्थिर ठेवून १५ सेकंद एकच वेग राखा. आकडे शेजारच्याने टिपायचे, चालवणाऱ्याने नाही. काट्यावरचे ४०, ६० आणि ८० असे तीन वेग घ्या, तेही रस्त्यावरची मर्यादा बघून.

आकड्यांची ठेवण कशी येते, ते इथे महत्त्वाचं. ४०, ६०, ८० ला मोबाइलवर ३७, ५७, ७७ आले, तर फरक सगळीकडे ३ आहे, म्हणजे कंपनीने ठरावीक भर घातली आहे. ३८, ५७, ७६ आले, तर फरक ५ टक्के, वेगाबरोबर वाढणारा. हा कंपनीचाही असू शकतो, टायरचाही. ते वेगळं काढायला ट्रिप मीटर (एका फेरीचं अंतर मोजणारा गाडीतला मीटर) शून्य करून २० किमी जा आणि ॲपने नोंदवलेल्या मार्गाच्या अंतराशी ताडून बघा. अंतर एका टक्क्याच्या आत जुळलं तर टायर ठीक आहेत, फक्त काटा चढवलेला आहे. अंतरही ५ टक्के जास्त आलं तर टायरचा परीघ लहान आहे, आणि मग मीटरवर दिसणारा ॲव्हरेजही तेवढाच फुगलेला आहे. ही तपासणी मैलाच्या दगडांवरून करू नका. रुंदीकरणात वळणं कापली गेल्यावर दोन दगडांत बरोबर एक किमी असेल असं धरता येत नाही.

टायरचा हिशेब सोपा आहे. १८५/६५ आर१५ मापाच्या (रुंदी १८५ मिमी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायरचा व्यास ६२१.५ मिमी. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल, ती झिजून १.६ मिमीच्या खुणेवर आली की व्यास जवळजवळ १३ मिमी कमी होतो, म्हणजे २ टक्के. झिजलेल्या टायरवर काटा तेवढा जास्त दाखवतो. तुम्ही नवे टायर टाकलेत, तेव्हा माप तेच असेल तर फरक आधीपेक्षा कमी झाला असणार. मात्र दुकानदाराने १९५/६५ आर१५ बसवले असतील तर व्यास ६३४.५ मिमी होतो आणि त्याच काट्याला खरा वेग २ टक्क्यांनी जास्त. टायरच्या बाजूवरचं माप स्टिकरशी एकदा जुळवा. हवा कमी असण्याचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा लहान असतो, कारण रेडियल टायरमधला पोलादी पट्टा परीघ फारसा आखडू देत नाही.

पोलिसांची लेझर गन खरा वेग मोजते, म्हणजे तिचा आकडा मोबाइलच्या जवळ जाईल. पण त्या ४-५ किमीच्या सवलतीवर मर्यादा ओलांडत जाऊ नका, टायर बदलले की ती सवलत आटते. ८० ला वाजणारा इशारा, जो १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा झाला, तो काट्याचाच वेग धरून वाजतो असं समजा.

गाडी खरोखर दाखवायला न्यायची वेळ कधी? मोबाइल सतत काट्यापेक्षा जास्त दाखवत असेल आणि टायरचं माप बरोबर असेल तेव्हा. काटा मध्येच शून्यावर पडत असेल किंवा सोबत एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत असेल तेव्हा तर लगेच. आपल्याकडे कोकणात खारी हवा आणि लाल चिखल चाकाजवळच्या सेन्सरच्या जोडणीत शिरतो आणि पिना हिरव्या पडतात. आख्खा मीटर बदलायला होकार देण्याआधी चारही चाकांच्या सेन्सरच्या जोडण्या उघडून साफ करायला आणि वायर कुठे घासली आहे का ते बघायला सांगा.