लॅम्ब्रेटा त्रास देत नाही, तिला ऑइल लागतं

तुम्ही विचारलंय की वडिलांची 1978ची विजय सुपर स्कूटर बारा वर्षं बंद पडून आहे, ती दुरुस्त करून घ्यावी का. आणि खाली लिहिलंय, "घरचे म्हणतात लॅम्ब्रेटाची जातच त्रासाची, भंगारात दे." प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: घ्या. मी लिहायला बसलोय ते त्या खालच्या वाक्यासाठी. ते मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि ते खोटं आहे.

आमचा वाडा पंचवटीत. गल्लीत ज्याच्याकडे स्कूटर त्याच्याकडे बजाज. बजाजला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. बाबांचा धीर संपला आणि 1979 साली त्यांनी विजय सुपर आणली. मुळातली ही लॅम्ब्रेटा, इटलीतल्या मिलानच्या इनोसेंटी कंपनीची. सरकारने 1972 मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया काढली, इनोसेंटीची यंत्रसामग्री तिकडे आणली, आणि त्यातून ही विजय निघाली. बजाजचं इंजिन उजव्या अंगाला, हिचं बरोबर मधोमध. त्यामुळे हिचा तोल काही वेगळाच. मी पुढे बाबांच्या दोन्ही हातांच्या मध्ये उभा राहायचो. रविवार कारंज्याच्या गर्दीतून बाबा तिला पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश काढायचे, पाय खाली न टेकता.

घरी माझं एक ठरलेलं काम होतं, ऑइलचं माप धरायचं. गाडी टू-स्ट्रोक, इंजिनाला पिस्टनसाठी वेगळं ऑइल नाही, जे काय जाईल ते पेट्रोलमधूनच. बाबा लिटरमागे 40 मिली घालायचे. आधी ऑइल, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवायची.

1984चा एप्रिल. चैत्रातली यात्रा नुकतीच आटोपली होती. मोठ्या काकांना सप्तशृंगी गडावर जायचं होतं, त्यांची बुलेट गॅरेजला होती, म्हणून त्यांनी बाबांची विजय मागितली. पुढे मी, मागे काकू. दिंडोरीला रिझर्व्ह लागला. पंपावरच्या पोराने विचारलं, "ऑइल?" काका म्हणाले, "नको, साधं टाक." चार लिटर साधं पेट्रोल पडलं. मी ते बघत होतो. बुलेट फोर-स्ट्रोक, तिचं ऑइल इंजिनात निराळं असतं, पंपावर नुसतं पेट्रोल घ्यायचं. काकांना तेवढीच सवय. मी नऊ वर्षांचा. मोठ्या काकांपुढे आमच्या घरात बाबाही बोलत नसत.

वणीच्या पुढे, नांदुरीच्या अलीकडच्या चढाला इंजिनाचा आवाज पोकळ झाला. मग एकदम मागचं चाक धरलं. काकांनी क्लच दाबला म्हणून पडलो नाही. घाट अजून सुरूसुद्धा झाला नव्हता. संध्याकाळी कांद्याच्या मेटॅडोरमध्ये गोण्यांवर स्कूटर आडवी टाकून नाशिकला आलो. वाड्याच्या दारात उतरता उतरता काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लॅम्ब्रेटाची जात. घाट चढत नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हेड उघडून सिलिंडर काढला. पिस्टनवर उभ्या रेघा उठल्या होत्या, नखाला लागतील एवढ्या खोल, आणि अ‍ॅल्युमिनियम बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलं होतं. तो काही बोलला नाही. टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब त्याने वर्तमानपत्रावर सोडला. तो वाळला आणि कागद होता तसा कोरा. मग दुसऱ्या एका गाडीतला थेंब सोडला. तो वाळला तरी कागदावर तेलकट गोल डाग राहिला. बाबांनी दोन्ही बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि बोअर करायला सांगून घरी आले. मोठ्या काकांना शब्दाने विचारलं नाही. कधीच नाही.

त्यानंतर ती गाडी बारा वर्षं चालली, पण घरात तिचं नाव 'घाट न चढणारी' असंच राहिलं. लग्नात, सणाला, कुणी नवी गाडी घेतली की काकांची ती गोष्ट निघायची. बाबा हसायचे. मला ते हसणं आजही सहन होत नाही. पुढे वाडा पाडायला काढला तेव्हा मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो. जिन्याखालची स्कूटर काकांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. आता चुलतभाऊ तेच वाक्य स्वतःच्या मुलांना सांगतो.

म्हणून मी सहा वर्षांपूर्वी मालेगावहून दुसरी विजय सुपर आणली. सांगाडाच होता. आठ महिने लागले. तयार झाल्यावर बायकोला मागे बसवून त्याच दिंडोरी रस्त्याने गेलो आणि नांदुरीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढून गडावर पोहोचलो. मध्ये एकदाही थांबलो नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. आधी एक करा, किक मारू नका. बारा वर्षांत पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग हलक्या हाताने फिरवून बघा. क्रँकची ऑइल सीलं बदलाच, गाडी चालू झाली तरी बदला. जुनं रबर कडक होतं, तिथून हवा ओढली जाते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि गाडी पुन्हा जॅम होते. मग लोक म्हणणार, बघा, लॅम्ब्रेटा. तसंच सिलिंडरवरचं पत्र्याचं कव्हर असेल तर ते कुणालाही काढू देऊ नका. फ्लायव्हीलच्या पंख्याचा वारा त्याच्यातूनच सिलिंडरवर जातो. 'हवा लागू दे' म्हणून कव्हर काढणारे मेकॅनिक मी नाशिकमध्येच तीन बघितलेत. अशा माणसाकडून गाडी लगेच परत आणा. टायर 3.50-10, जुन्या चेतकचाच, कुठेही मिळतो. सुटे भाग लोकांना वाटतं तितके दुर्मीळ नाहीत. इंग्लंडमध्ये लॅम्ब्रेटाचे वेडे लोक आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे अजून भाग बनतात.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, पत्रा किती खाल्लाय त्यावर सगळं आहे. फ्लोअर पूर्ण गेला असेल तर दोनदा विचार करा, एवढं मात्र मान्य. रोज ऑफिसला न्यायला घेणार असाल तरी नको. हल्लीचं इथेनॉल घातलेलं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवलं तर जुन्या रबराला त्रास होतो, उभी करायची असेल तर टाकी रिकामी ठेवा. आरसी बुक शोधा, ते नसेल तर सगळ्याच्या आधी आरटीओत जा. 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते, फी 20,000 रुपये. तुमच्या गाडीला त्यासाठी 2028 उजाडेल, आणि त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, म्हणून सध्या साधी पुनर्नोंदणीच बघा.

आणि घरात जे कोण म्हणतात की लॅम्ब्रेटा त्रास देते, त्यांना एकदा विचारा की शेवटचं पेट्रोल कुणी भरलं होतं आणि त्यात ऑइल किती घातलं होतं. टाकीत अजून काही शिल्लक असेल तर फेकायच्या आधी एक थेंब कागदावर टाका. जुनं पेट्रोल आहे, डिंकाचा पिवळा डागही पडू शकतो, त्याला फसू नका. तेलाचा डाग कागदाच्या पलीकडून, उजेडाकडे धरला की दिसतो.