बेल्जियमची गडद, स्ट्राँग बिअर खोकल्याच्या औषधासारखी लागली. खराब झाली असेल का, आणि तिची चव नेमकी घ्यायची कशी?

तुम्ही लिहिलंय की मेव्हण्याने ब्रसेल्सहून रोशफोर १० च्या तीन बाटल्या आणल्या. ‘ही बिअर चिल्ड पीत नाहीत, रूम टेंपरेचरला पितात’ असं कुठेतरी वाचून तुम्ही मुलुंडच्या घरात, ऐन मे महिन्यात, एक बाटली कपाटातून काढून तशीच उघडली. फेस भसाभसा ओट्यावर गेला, ग्लासात गढूळ काहीतरी उतरलं आणि पहिल्याच घोटाला खोकल्याचं औषध आठवलं. उरलेल्या दोन बाटल्या फेकाव्यात का?

अजिबात फेकू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: ज्याने तो सल्ला लिहिला त्याची रूम मुलुंडमध्ये नाही. तिकडे ही बिअर तळघरात ठेवतात, तिथे १० ते १४ अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात कपाटातही ३०च्या वर असतं. गरम द्रवात वायू टिकत नाही. त्यामुळे झाकण निघताच सगळा वायू एकदम सुटला, जाताना फेस घेऊन गेला आणि तळाचा गाळही वर ढवळून गेला. ग्लासात उरली ती बसकी बिअर. या बिअरमध्ये गोडव्याला आवर घालायचं मुख्य काम त्या बुडबुड्यांचंच असतं. ते गेले की फक्त गोड आणि दाट चव राहते. वर ११.३ टक्के अल्कोहोल, तेही गरम, म्हणजे नाकात सरळ स्पिरिटचा वास. गोड, दाट आणि स्पिरिटचा वास, म्हणजे कफ सिरपच झालं की.

आता ही चीज आहे काय ते थोडं सांगतो, म्हणजे पुढची बाटली उघडताना काय शोधायचं ते कळेल.

रोशफोर ही ट्रॅपिस्ट, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाची बिअर. बेल्जियमच्या दक्षिणेला आर्देन भागात सँ-रेमी नावाचा मठ आहे, तिथे ती बनते. बाटलीवर ट्रॅपिस्टचा षटकोनी शिक्का असेल, बघा. तो मिळवायला बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनावी लागते आणि मिळकत मठाचा खर्च आणि दानधर्मासाठी जावी लागते. नावातला १० हा अल्कोहोलचा आकडा नव्हे. आंबवण्याआधी रसात किती साखर आहे हे मोजायची जुनी बेल्जियन पद्धत होती, त्यातला तो अंश. लाल झाकणाची ६, हिरव्याची ८, निळ्याची १०. तुमच्याकडे निळं झाकण आहे, म्हणजे घरातली सगळ्यात थोरली.

एवढी कडक बिअर का करायची, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. बिअर बनवताना साखर घालायची रीत तिथे जुनीच आहे, पण कायद्याचाही हात आहे असं मानतात. १९१९ साली बेल्जियममध्ये कॅफेत जिनसारखी कडक दारू विकायला बंदी आली आणि ती साठ वर्षांहून जास्त टिकली. गिऱ्हाइकाला कडक हवंच होतं, ते बिअरवाल्यांनी पुरवलं. आपल्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईला परमिट रूम दिले; त्यांच्या कायद्याने ही बिअर. सौदा कोणाला फायद्याचा पडला ते तुम्हीच ठरवा.

रंग गडद म्हणजे कॉफीसारखी कडू असणार, हा समज आधी काढून टाका. आयरिश स्टाउट ही बिअर काळी होते ती करपवलेल्या जवामुळे, म्हणून तिला कॉफीचा कडूपणा असतो. बेल्जियन गडद बिअरचा रंग बहुतेक वेळा साखरेतून येतो. साखर तापवत नेऊन तिचा गडद पाक करतात. कॅरॅमल कस्टर्डसाठी साखर जाळताना सोनेरी ते तपकिरी होताना वास कसा बदलत जातो ते आठवा. काळ्या मनुका, सुकं अंजीर, खारीक यांचा भास त्याच वाटेवर कुठेतरी होतो. आणि गंमत अशी, की ही साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. तिचं अल्कोहोल होतं, गोडवा फारसा मागे राहत नाही. म्हणूनच नीट तापमानाला प्यायलात तर ही बिअर शेवटी चक्क कोरडी लागते, चिकट नाही.

उरलेला सगळा खेळ यीस्टचा. बेल्जियन यीस्टला लागरच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बिअरच्या यीस्टपेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेत काम करू देतात. त्यातून पिकलेल्या केळ्याचा, नासपतीचा, लवंगेचा वास तयार होतो. लवंग कोणी टाकलेली नसते. रोशफोरमध्ये थोडे धणे मात्र असतात, पण ते मला कधी वेगळे ओळखता आलेले नाहीत.

आता पुढची बाटली. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी अजिबात नको, गाळ तळाशी बसायला हवा. हा गाळ म्हणजे यीस्ट. ही बिअर बाटलीतच पुन्हा थोडी आंबते, बुडबुडे तिथेच तयार होतात. तो पोटात गेला तर काही होत नाही, फार तर पोटात गुरगुरेल, पण चव पिठूळ होते.

ग्लास वाइनचा घ्या, पोट मोठं आणि तोंड थोडं आत वळलेलं. पाय असलेला रुंद ग्लास तिकडे मुद्दाम मिळतो, आपल्याला त्याची गरज नाही. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही आणि वास उडून जातो. ग्लास फ्रीझरमध्ये घालू नका. आणि भांडी घासायच्या साबणाचा जरासा अंश किंवा तेलाचा हात राहिला असेल तर फेस दोन मिनिटांत मरतो, म्हणून ग्लास नुसत्या पाण्याने पुन्हा दोनदा खळखळून घ्या.

फ्रीजमधून काढलेली बाटली पाचेक अंशांवर असते. लगेच ओता. मुंबईत वाट बघत बसायची गरज नाही, हवा आपलं काम करते. ग्लास तिरका धरून, एका संथ धारेत, मध्ये न थांबता. थांबलात आणि बाटली पुन्हा सरळ केलीत की गाळ हलतो. तळाशी बोटभर उरलं की हात आवरा. फेस ताकासारखा पांढरा नसेल, बदामी असेल. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरा: मधोमध काळपट तपकिरी, कडेला लालसर झाक. बाहेरून ग्लासाला घाम सुटेल, खाली फडकं ठेवा.

इथून पुढे साधारण अर्धा तास तुमचा. पहिल्या घोटाला फार काही लागणार नाही. थंडपणा, जोरकस बुडबुडे, थोडी भाजलेल्या पावाच्या कडेची चव. निराश होऊ नका, थंडीत वास कोंडलेला असतो. दहा मिनिटांनी, बिअर दहा अंशांच्या आसपास आली की, ग्लास हलकेच फिरवून नाक आत घाला. मनुका आणि काकवी आधी येतात, मागून केळं. आमच्याकडे बायको बिअर पीत नाही, पण वास तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो; ग्लास नाकाशी धरून ती शांतपणे म्हणाली, ‘डिंकाच्या लाडवातली खारीक.’ तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नाही.

मग छोटा घोट. जिभेवर जरा रेंगाळू द्या, गिळा, आणि नाकाने श्वास सोडा. लवंग आणि मिरीचा तिखटपणा या बाहेर जाणाऱ्या श्वासात कळतो, घोटात नाही. छातीत हलकी ऊब उतरेल, घसा मात्र जळायला नको. पंधरा अंशांच्या आसपास ही बिअर माझ्या मते सगळ्यात छान असते: चॉकलेट, अंजीर, किंचित बडीशेप. त्यापुढे गेली की पुन्हा तुमचं खोकल्याचं औषध डोकं वर काढायला लागतं. म्हणून बेल्जियन माणूस कॅफेत बसून तासभर एक ग्लास पुरवतो त्याची नक्कल इथे करू नका. एसी लावलात तर वेळ वाढेल, नाही तर दोघांत एक बाटली घ्या आणि उरलेली अर्धी परत फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या खेपेला ओता. मात्र अर्धी बाटली हलवाल तेव्हा गाळाचं भान ठेवा.

दोघांत एक म्हणतोय त्याला अजून एक कारण आहे. आपल्या स्ट्राँग बिअरच्या कॅनवर अल्कोहोल ८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही असं छापलेलं असतं, इथे ११.३ आहे. ३३० मिलीच्या बाटलीत साधारण ३७ मिली शुद्ध अल्कोहोल भरतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १३ मिलीच्या थोडं आत असतं. म्हणजे ही चिमुकली बाटली तीन छोट्या पेगांच्या जवळपास जाते, आणि चवीला तसं मुळीच जाणवत नाही. गाडीची चावी आधीच कोणाकडे तरी देऊन ठेवा.

चखण्याबद्दल विचारलंत. मसाला शेंगदाणे, तिखट शेव, चिली चिकन हे सगळं लागरसाठी ठेवा. मिरचीने अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते आणि मनुका-अंजीर काही कळत नाही. तळलेला बोंबीलही नको, मासा या बिअरखाली दबून जातो. मुंबईत याच्याशी सगळ्यात सुरेख जमणारा पदार्थ माझ्या मते पारशांची जर्दाळू सली बोटी. मटण, जर्दाळूचा आंबटगोड रस आणि वर कुरकुरीत बटाट्याच्या काड्या. एक घास, एक घोट, जेवण तिथेच लागून जातं. ते नसेल तर अक्रोड, साधं चीज, किंवा डिसेंबरात वांद्र्याच्या बेकऱ्यांत मिळणारा प्लम केक. कोणीतरी पुरणपोळी सुचवेल, जायफळ वगैरे सांगून. ऐकू नका. गोडावर गोड होतं आणि दोन्हींचा पचका होतो.

‘जुनी करून प्यावी, वर्षानुवर्षं मुरते’ हेही तुम्ही वाचाल. खरं आहे, पण पुन्हा तळघरातलं. माळ्यावर ठेवून मुंबईचा एक उन्हाळा काढलात तर ती मुरत नाही, वाया जाते. खरंच खराब झालेली बिअर ओळखायची असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, सोया सॉसचा किंवा व्हिनेगरचा वास शोधा. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. उरलेल्या दोन बाटल्या आजच फ्रीजमध्ये हलवा, भाजीच्या कप्प्याजवळ, उजेडापासून लांब, आणि यंदाच्या पावसाळ्यात संपवा.

इथल्या वाइन शॉपमध्ये जोडीदार शोधायला गेलात तर हूगार्डन पुढे करतील. तीही बेल्जियन, पण गव्हाची, फिकट, ४.९ टक्क्यांची, उन्हाळ्यात उत्तम, या गावची नव्हे. शहरातल्या मायक्रोब्रुअरीत मधूनमधून बेल्जियन डबेल लागते, ती या घराण्यातली धाकटी. फळ्यावर दिसली तर आधी छोटा सँपल मागा, बहुतेक जण देतात. मेव्हणा पुन्हा जाणार असेल तर त्याला शिमे ब्लू सांगा, ९ टक्के, जरा सौम्य आणि नवख्याला सोपी. विमानाने येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. ३३० मिलीच्या सहा बाटल्या बरोबर त्यात बसतात.

आणि समजा दुसरी बाटली सगळं नीट करूनही आवडली नाही, तर तिसरी मटणात घाला. बेल्जियमचे लोक बीफमध्ये घालतात, आपण मटण घेऊ. भरपूर कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता, मटण घालून परता, मग बिअर, एक तमालपत्र, चमचाभर गूळ. वर मोहरीची पेस्ट लावलेला पावाचा एक स्लाइस टाका, तो विरघळून रस दाट करतो. कुकर नको, जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून दोन तास. गाळ वेगळा काढत बसू नका, इथे तोही चालतो.