मेअखेर श्रीनगरच्या मुघल बागा एका दिवसात: फुलं, पाणी आणि बागांचा क्रम

मेच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन श्रीनगरला जाताय, बागांसाठी एकच दिवस आहे, तेव्हा फुलं असतील का आणि कोणती बाग आधी बघावी, असं तुम्ही विचारलंय.

फुलं असतील, पण ट्युलिप नाहीत. ट्युलिपची बाग मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उघडते आणि बहर ओसरला की बंद होते. ती बाग २००७ साली खुली झाली, मुघलांशी तिचा संबंध नाही. तुमच्या तारखा गुलाबांच्या आहेत. मेचा मध्य ते जूनचा मध्य हा काश्मिरी गुलाबाचा भर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: याच सुमारास वसंतातली पॅन्सीसारखी मोसमी झाडं उपटून झेंडू, पिटुनिया, झिनिया, साल्व्हियाची रोपं लावतात. त्यामुळे काही वाफे नुसती माती दाखवतील. ते भरतात जुलै-ऑगस्टमध्ये, दल सरोवरातली कमळंही तेव्हाच फुलतात.

पण केवळ फुलांसाठी गेलात तर या बागांचा गाभाच निसटेल. रंगीत वाफे आणि कापलेली हिरवळ ही नंतरच्या काळातली भर आहे. मूळ रचना पाण्याची आणि उताराची. बीबी का मकबरा पाहिला असेल तर फरक चटकन कळेल: तिथे सपाट चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, मधोमध इमारत आहे. इथे डोंगरातून आलेलं पाणी टप्प्याटप्प्याने सरोवराकडे उतरतं आणि इमारती त्या पाण्यावरच उभ्या आहेत. कारंजीसुद्धा मुळात पंपाविना, फक्त उंचीच्या दाबावर उडत.

आता क्रम. सगळ्या बागा दलच्या पूर्वेला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहेत. म्हणजे सकाळी ऊन डोंगरामागून येतं आणि दुपारनंतर सरोवराच्या बाजूने थेट बागेवर पडतं. दिवस याच हिशोबाने आखा.

सकाळी लवकर परी महल, मग चश्मे शाही. परी महल ही शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याची, डोंगराच्या कुशीतली बाग. सकाळी सूर्य पाठीशी असल्यामुळे खालचं सरोवर स्वच्छ दिसतं. दुपारी धुरकटपणा वाढतो. या रस्त्यावर तपासणी असते, मोठ्या बॅगा आणू नका आणि प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. सुरक्षेच्या कारणाने एखादी जागा बंदही असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या. चश्मे शाही १६३२ची, अली मर्दान खानाने शहाजहानसाठी केलेली, आणि या सगळ्यांत लहान. नैसर्गिक झरा हेच तिचं कारण. अर्ध्या-पाऊण तासात होते, पण सुरुवातीलाच उंच पायऱ्या आहेत. सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर हीच बाग गाळा.

दुपारी शालिमार. ती सगळ्यात लांब, पण चढ सौम्य आणि चिनारांची सावली दाट, त्यामुळे भर उन्हात हीच बरी. जहांगीरने १६१९मध्ये सुरू केली, शहाजहानच्या काळात वरचा भाग वाढला. पूर्वी दलपासून दीडेक किलोमीटरच्या कालव्यातून नावेने इथे येत. खालून वर चढत जा, आणि प्रत्येक टप्प्यावर पाण्याकडे तोंड करून थांबा. दिवाण-ए-आममध्ये पाण्याच्या वाटेवरच काळ्या दगडाचं आसन आहे. सर्वांत वर काळ्या खांबांची बारादरी, म्हणजे सगळीकडून खुला मंडप, चहूबाजूंनी पाणी. धबधब्यामागच्या भिंतीत ओळीने कोनाडे दिसतील, ते चिनीखाने: दिवसा त्यांत फुलं ठेवत, रात्री दिवे, आणि पडत्या पाण्याच्या पडद्याआड ते लुकलुकत. बहुतेक पर्यटक या कोनाड्यांकडे न बघता पुढे जातात, याचं फार वाईट वाटतं. इथे दीड तास तरी द्या.

पाणी बंद असलं तर? असं होतं, कधी दुरुस्तीसाठी, कधी पाणी कमी असल्याने. तिकीट खिडकीवरच विचारा. बंद असेल तर तिरप्या दगडी उतरणी, ज्यांना चादर म्हणतात, त्यांच्यावरचं कोरीव काम जवळून बघा. त्या खाचांमुळेच पाणी फुटून पांढरं दिसतं. वाहत्या पाण्यात ही कारागिरी कळत नाही.

चारच्या सुमारास मागे फिरून निशात. नूरजहानच्या भावाची, आसफ खानाची, १६३३ची बाग. बारा राशींचे बारा टप्पे असं म्हणतात. सरोवरालगतचा सर्वांत खालचा टप्पा रस्त्याने तोडला आहे, त्यामुळे फाटकापाशी आल्यावर बागेची खरी सुरुवात मागे राहिलेली असते. चढ इथेच सर्वांत जास्त. ज्येष्ठांना तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर चिनाराखाली बसवा, बाकीच्यांनी उंच भिंतीपलीकडच्या जनानखान्यापर्यंत जावं, कारण तिथून अख्खी जलवाट सरळ दलमध्ये उतरलेली दिसते. मेअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, पण बंद व्हायची वेळ आधी पाहून ठेवा. फाटकाजवळ तुम्हाला फेरन, म्हणजे काश्मिरी सैल झगा, घालून फोटो काढणारे गाठतील. हौस असेल तर जरूर काढा. फक्त किती प्रती आणि एकूण किती पैसे, हे पेहराव अंगावर चढवण्याआधी ठरवा.

रविवार टाळा, स्थानिक कुटुंबं डबे घेऊन येतात आणि बसायला जागा मिळत नाही. मेमध्ये दुपारी अचानक सर येते. ओल्या दगडावर गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते, म्हणून सगळ्यांना पकड असलेले बूट. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, हवा गार लागली तरी ऊन भाजतं. टोपी हवीच.

पुढे पहलगामला जाणार असाल तर अनंतनागहून थोडी वाट वाकडी करून अचबल बघा. टूर कंपन्या सहसा ही बाग धरत नाहीत, पण झऱ्याच्या पाण्याचा जोर श्रीनगरच्या कुठल्याही बागेपेक्षा इथे जास्त जाणवतो. जम्मूकडून रस्त्याने येत असाल तर बनिहालचा बोगदा ओलांडल्यावर थोडी वाट वाकडी केली की वेरीनाग लागतं. जहांगीरने बांधलेल्या अष्टकोनी कुंडात झेलमचा उगम आहे, आणि तिथे पायऱ्यांचा त्रास जवळजवळ नाही, त्यामुळे सासू-सासऱ्यांसाठी ती जागा श्रीनगरच्या दोन बागांपेक्षा सोपी पडेल.