मार्केटिंगचा कोर्स नको, आधी तिला विणू द्या

प्रश्न : माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विणकाम आणि क्रोशे करणाऱ्यांसाठी ती मण्यांचे स्टिच मार्कर, म्हणजे टाक्यांची खूण ठेवायच्या छोट्या कड्या, बनवून ऑनलाइन विकते. कानातल्यांसारखे सुरेख दिसतात, कार्टूनमधल्या पात्रांचे तर सर्वांत जास्त खपतात. स्वतः मात्र ती विणत नाही. आम्ही तिला सहा महिने दिलेत. तेवढ्यात पगाराइतकं कमवून दाखव, नाहीतर हे खूळ बंद करून स्पर्धा परीक्षेला बस, असं तिच्या बाबांनी सांगितलंय. सध्या विक्री थंडावली आहे. लोकर अडकते म्हणून दोघींनी सेट परत पाठवले, एकीला क्रोशेसाठी चालत नाहीत म्हणे. तिला मार्केटिंगचा कोणता कोर्स लावू?

उत्तर : ताई, ‘आम्ही तिला सहा महिने दिलेत’ या वाक्यापाशी मी थांबलो. मुलगी शिकतेय, मधे तिची वार्षिक परीक्षा येणार, आणि उरलेल्या वेळात तिने हाताने केलेल्या वस्तूंतून पगार उभा करायचा. हा हिशेब घरात कुणी कागदावर मांडलाय का? समजा सहा मार्करचा एक सेट पॅकिंगसकट पाऊण तासात होतो. कॉलेजनंतर तीन तास बसली तरी दिवसाला चार सेट. ते चारही रोज विकले गेले पाहिजेत. शिवाय मार्कर झिजत नाही, संपत नाही. एका विणणारीला दोन-तीन सेट वर्षानुवर्षं पुरतात, म्हणजे तीच गिऱ्हाईक महिन्याभरात पुन्हा येईल ही आशा धरू नका. हा जोडधंदा आहे आणि जोडधंदा म्हणून चांगला आहे. त्याला पगाराच्या फुटपट्टीने मोजलंत तर तो नापास होणार हे आजच सांगतो. आणि नापासाचा शिक्का मार्करांवर नाही, मुलीवर बसेल.

मुदतीचा आणखी एक परिणाम तुमच्या पत्रातच दिसतो. घाई असली की तयार जम्प रिंग (दागिन्यांतली तोंडाशी दाबून मिटवायची कडी) घ्यायची, मणी अडकवायचा, फोटो काढायचा. मग तक्रारी येणारच.

आता मोठा गैरसमज. तुम्ही दोघी मार्करला दागिना समजताय. ते हत्यार आहे. विणताना तो दर ओळीला डाव्या सुईवरून उजवीवर सरकतो आणि शेजारच्या टाक्यांना घासतो. जम्प रिंगला जोड असतो. कितीही दाबला तरी तिथे केसभर फट राहते आणि मऊ लोकरीचा तंतू नेमका त्या फटीत शिरतो. मणी ज्या पिनेत ओवतात तिचा फास वळवताना कापलेलं टोक बाहेर राहिलं, तर तेही धागा ओढतं. कानात घातल्यावर यातलं काहीच कळत नाही, कारण कानातल्याला टाके ओलांडावे लागत नाहीत. फोटो सुधारून किंवा जाहिरात करून ही फट बुजत नाही. उलट, तक्रार करणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते.

उपाय आहे आणि तो तिच्या आवाक्यातला आहे. कडी जोड नसलेली हवी. एक तर झाळून बंद केलेली रिंग घ्यायची, नाहीतर मणीकामाच्या लवचिक, नायलॉन चढवलेल्या, 0.45 ते 0.5 मिमीच्या तारेचा फास करायचा. साधारण दहा सेंटीमीटर तार 6 मिमीच्या सुईभोवती दुमडायची. दोन्ही टोकं 2 मिमीच्या क्रिम्प मण्यातून (चेपून तार पकडणारा धातूचा बारीक मणी), मग मोठ्या मण्यातून आणि खाली दुसऱ्या क्रिम्प मण्यातून काढायची. साध्या पकडीने क्रिम्प चेपला तर त्याच्या कडा धारदार होतात. म्हणून क्रिम्पची वेगळी पक्कड घ्यावी. तिच्या आतल्या खाचेत दाबलं की मण्याला मधोमध घडी पडते, दोन्ही तारा दोन वेगळ्या पन्हळींत बसतात, मग पुढच्या गोल खाचेत ती घडी मिटवायची. बहुतेकींचं चुकतं ते इथे. आत तारा एकमेकींवर चढल्या असतील तर एक तार सैल राहते आणि काही दिवसांनी फास हातात येतो. खालची टोकं अगदी बुडाशी कापून त्यावर 3 मिमीचं क्रिम्पचं झाकण बसवावं.

माप दुसरी गोष्ट. कडीचा आतला व्यास सुईपेक्षा जेमतेम मोठा हवा. 6 मिमीची कडी 5 मिमीच्या सुईपर्यंत चालते. मोज्यांच्या सव्वादोन-अडीच मिमीच्या सुईवर 10 मिमीची कडी घातली तर ती लोंबते, टाक्यांत गुंतते. तार किंवा रिंग जाड असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे टाके लांब राहून विणीत उभी फट दिसते. लोंबणारा मणी अडीच सेंटीमीटरच्या आत, हलका. बारीक धाग्याच्या जाळीकामात जड मणी टाकाच खाली ओढतो. विक्रीच्या पानावर आतला व्यास आणि कोणत्या सुईपर्यंत चालेल हे लिहिलेलं नसेल तर आजच लिहायला सांगा.

क्रोशेवालीची तक्रार तर शंभर टक्के रास्त आहे. विणकामात सगळे टाके सुईवर असतात, म्हणून बंद कडी सुईवरून सरकते. क्रोशेत हुकावर बहुधा एकच फास असतो आणि मार्कर थेट विणलेल्या टाक्यात, म्हणजे मुक्या खांबात किंवा साखळीत, अडकवावा लागतो. बंद कडी घातली तर विणीत कायमची अडकली, कात्रीशिवाय सुटका नाही! तिथे उघडझाप करणारा मार्कर लागतो. लॉबस्टर क्लॅस्प (साखळीला असतो तो खटक्याचा हुक) चालतो, पण घट्ट टाक्यात त्याचा जाड जबडा शिरत नाही. कानातल्याचा लिव्हरबॅक हुक, म्हणजे मागून झाप मिटणारा, बारीक टोकाचा असल्याने जास्त सोयीचा. साधी सेफ्टी पिन नको, तिच्या वेटोळ्यात धागा अडकतो. विणकामाचे बंद आणि क्रोशेचे उघडणारे मार्कर वेगळ्या सेटमध्ये, वेगळ्या नावाने विकायचे.

म्हणून मार्केटिंगचा कोर्स नको. तिला विणायला शिकू द्या. एक टोपी गोल विणावी, एक क्रोशेचा चौकोन करावा, दोन्हींत स्वतःचे मार्कर वापरावेत. गोल विणताना फेरीची सुरुवात दाखवणारा एक मार्कर वेगळ्या रंगाचा का हवा, हे तिला पहिल्या दहा ओळींतच कळेल. सेट कसे लावायचे तेही तिथूनच सुचेल.

तुम्ही कौतुकाने लिहिलंय की कार्टूनमधल्या पात्रांचे मार्कर सर्वांत जास्त खपतात. ते थांबवा. पात्राचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाहीत, आणि आकार तुमच्या मुलीने हाताने केला म्हणून पात्र तिचं होत नाही.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर पदवीनंतरही ती देता येते. वयोमर्यादा तेवढी पाहून ठेवा. पण ती परीक्षा शिक्षा म्हणून समोर ठेवलीत तर मुलगी अभ्यास करणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तिचा हात बारीक कामाला खरंच चांगला असेल, तर दागिने घडवणं किंवा वस्तू डिझाइन करणं या दिशा पाहता येतील. तो निर्णय पदवीच्या शेवटच्या वर्षी, तिला विचारून घ्यायचा. तोवर वाणिज्य शाखा उपयोगी पडू द्या. साहित्य, वेळ, पॅकिंग, विक्रीचं कमिशन आणि फुकट गेलेले नग असे पाच रकाने आखून तिने तीन महिने वही लिहावी. सेटची किंमत त्या वहीवरून ठरवावी, इतर विक्रेत्यांकडे बघून नाही.

घरात पडून असलेले मार्कर टाकू नका. प्रत्येक कडीतून लवदार लोकरीचा धागा किंवा जुना नायलॉनचा मोजा ओढून बघायला सांगा. अडकला की मणी सोडवून घ्यायचा, नव्या फासात ओवायचा. आणि परत पाठवणाऱ्या दोघींना दुरुस्त केलेला सेट मोफत पाठवून ‘वापरून सांगा’ असं तिने स्वतः लिहावं. ते पत्र तुम्ही लिहू नका.