थंडीत जपानी बटेरांना बल्ब लावावा का?

निफाडची थंडी आणि गच्चीवर सहा बटेर, म्हणून विचारताय ना? पूर्ण पिसं आलेल्यांना उबेसाठी बल्ब लागत नाही. त्यांना थंडीपेक्षा ओल आणि वाऱ्याचा झोत जास्त बाधतो. पिंजऱ्याला तीन बाजूंनी गोणपाट बांधा, पण वर चार बोटं फट ठेवा. गच्च बंद केलंत तर विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरतात, त्यांचेही आणि तुमचेही. खाली तीन-चार इंच भाताचं तूस घाला, ओलं झालं की लगेच बदला.

पिल्लांचं मात्र वेगळं. पहिला आठवडा ३५ ते ३७ अंश हवेतच. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय.

अंडी थांबली असतील तर ते लहान दिवसांमुळे. रोज १४-१६ तास उजेड द्या.