कोल्हापुरात नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन-तीन तासांत जादा कमाई कशी करता येईल?

हातात असलेलं कौशल्यच आधी विका. ऑटोकॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहान वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन विचारा. सुट्ट्या भागांची ड्रॉइंग करायला पूर्णवेळ माणूस ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही. फोटो चांगले काढत असाल तर गुजरी किंवा चप्पल लाईनमधल्या दुकानदारांना ऑनलाईन विक्रीसाठी फोटो लागतातच. पहिल्या कामाचेही पैसे घ्या. फुकट सुरुवात केली की दर वाढवणं फार जड जातं.

डिलिव्हरी लगेच सुरू होते, पण पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग वजा करूनच कमाई मोजा. गाडीचा विमा अशा वापराला चालतो का, तेही आधी विचारा.

आणि कळकळीनं सांगतो, ‘घरबसल्या टायपिंग, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई नाही ना, तेवढं वाचून घ्या. ही कमाई आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते.