गाडी ‘धाकटी’ कशी?

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय: मोटारींवरच्या लेखात पोर्शे या जर्मन कंपनीच्या स्पोर्ट्स कारबद्दल ‘पोर्शेची धाकटी केमन’ असं वाचलं. गाडीला धाकटी म्हणतात का? ‘कनिष्ठ’ किंवा ‘दुय्यम’ जास्त नेमकं नाही का?

प्रश्न सांगलीतूनच यावा याची गंमत वाटली. मिरजेच्या पटवर्धनांची १८२० साली वाटणी झाली आणि संस्थानाच्या थोरली पाती, धाकटी पाती झाल्या. धाकटीची गादी पुढे बुधगावला होती. मूळ एक, आडनाव एक. वाटा आणि मान वेगळा. लेखकाला हीच छटा हवी असणार.

वय पाहिलं तरी बसतं: पोर्शेची थोरली गाडी ‘९११’ ही १९६४ पासूनची, केमन २००५ची. पण वयाशीच थांबलात तर फसाल. पोर्शेचीच ‘९१८ स्पायडर’ २०१३ची, केमनहूनही लहान. तिला धाकटी म्हणायला कुणाची जीभ वळणार नाही, कारण किमतीत ती ९११च्या कितीतरी वर.

‘कनिष्ठ’ मात्र नको, त्यात कमअस्सलपणाचा वास येतो. केमनचं इंजिन सीटच्या मागे पण मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे. ९११चं थेट ॲक्सलच्याही मागे. वजनाच्या तोलासाठी धाकटीचीच मांडणी सोयीची. ती खाली राहिली ती कंपनीने खाली ठेवली म्हणून. २०१५च्या केमन जीटी४ला ९११ करेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन मिळालं: थोरलीत ४०० अश्वशक्ती, धाकटीत ३८५. पुढे २०२१च्या केमन जीटी४ आरएसला ९११ जीटी३चं इंजिन दिलं, तेव्हा थोरलीला ५१०, हिला ५००. वडीलकीचा मान १० अश्वशक्तींचा!

त्यामुळे कंपनी गाडीला कुठल्या पायरीवर ठेवते त्या ‘पोझिशनिंग’ला मराठी हवं असेल तर ‘केमनला ९११च्या एक पायरी खाली ठेवतात’ एवढं पुरे. ‘स्थाननिश्चिती’ जीआरमध्येच शोभेल.

‘दुय्यम’चं म्हणाल तर दुय्यम निबंधकाच्या पाटीवर तो नुसता हुद्दा आहे, मालाला लावला की लगेच ‘दर्जा’ चिकटतो.

‘धाकटी’ सैल पडते ती डिनोच्या बाबतीत. साठच्या दशकाच्या अखेरीस फेरारीनेच आणलेल्या या सहा सिलिंडरच्या गाडीला फेरारीचा बिल्लाच नव्हता. १९७६ मध्ये नंतरच्या डिनो ३०८ जीटी४ला तो लागला. तोवरच्या डिनोला धाकटी नको, वेगळ्या चुलीची म्हणा.